ओमप्रकाशची नोकरी

"साहेबांनी कागद पुढे पाठवला नाई अजून," नरहरीनं दारातूनच सांगितलं. "उद्या दहा वाजेपर्यंत ड्रॉवरमध्ये ठेवतो म्हणाले. वहिनी, तुमी सकाळीच जा आणि राजीनामा वापस घ्या."

रत्नमाला भाजी निवडत बसली होती. तिनं हात थांबवला नाही.

"वापस घ्यासाठी दिला नाई, भाऊजी."

नरहरी तिचा धाकटा दीर. दुर्गच्या एका कचेरीत बाबू होता. बातमी कानावर आली तसा तो पद्मनाभपुराहून स्कूटरवर स्टील प्लांटच्या सेक्टर दोनमधल्या या क्वार्टरवर येऊन धडकला होता. त्यानं आईकडे पाहिलं. मैनाबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होती.

एकोणीसशे त्र्याहत्तरात रत्नमालेचा नवरा ओमप्रकाश काविळीनं गेला. तो प्लांटमध्ये फिटर होता. त्याच्या जागी त्याच्या बायकोला नोकरी मिळाली, कॅन्टीनमध्ये. ताटं धुण्यापासून सुरुवात करून रत्नमाला सुपरवायझर झाली. तिच्या कॅन्टीनमध्ये एका पाळीला आठशे माणसं जेवत. तरी नव्या माणसाला तिची ओळख करून देताना कोणीतरी म्हणायचंच, "ह्या ओमप्रकाशच्या जागेवर लागल्या." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसायचं. एकोणीस वर्षं ती मान हलवत आली होती.

या उन्हाळ्यात तिनं वीस दिवसांची रजा टाकली. औद्योगिक वसाहतीतल्या एका पाइप कारखान्यात कामगारांनी जेवणाची ताटं फाटकासमोर पालथी केली होती. आठ दिवस कोणी कॅन्टीनमध्ये पाय ठेवला नव्हता. तिथल्या टिकाराम साहू नावाच्या मॅनेजरनं कोणाकडून तरी तिचं नाव ऐकलं आणि तिला बोलावलं.

पहिल्या दिवशी तिनं काहीच बदललं नाही. कामगारांच्या बाकावर बसून त्यांच्यासाठी शिजलेली डाळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी कॅन्टीनच्या ठेकेदाराच्या डोळ्यांदेखत डाळीचं पातेलं मोरीत ओतलं. तिसऱ्या दिवशी सांगून टाकलं, आजपासून साहेबांचं जेवण वेगळं शिजणार नाही.

"मॅडम, हमारे अफसर मजदूरों की लाइन में नहीं लगेंगे," टिकाराम म्हणाला.

"तो मैं आज ही घर जाती हूँ. वैसे भी बीस दिन में जाना ही है."

बोलून झाल्यावर ती स्वतःच चकित झाली. प्लांटमध्ये असलं वाक्य ती नेहमी गिळून टाकायची. दुपारी टिकाराम हातात ताट घेऊन लाइनीत उभा राहिला. आठवड्याभरात लाइन दाराबाहेर गेली. शेवटच्या दिवशी आचारी, कामगार, चौकीदार सगळे "रत्नमाला मॅडम" म्हणत तिला बसपर्यंत पोचवायला आले. तिथं ओमप्रकाशला कोणीच ओळखत नव्हतं. बसमध्ये हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला आधी लाज वाटली. मग आनंद झाला.

त्यानंतर तीन बोलावणी आली. दोन कारखान्यांची, एक राजनांदगावच्या वसतिगृहाचं. जिथं गाडं अडलंय तिथं जायचं, ते चालू करायचं, तिथलाच माणूस तयार करायचा आणि निघायचं. कुठं चार महिने, कुठं सहा. पुढचं कागदावर काही नाही.

"चार महिन्यानं का करान?" नरहरीनं विचारलं.

"दुसरीकडे जाईन."

"अन् तिथलंही संपलं तर?"

"तिसरीकडे. कोणी बोलावलंच नाई तर घरी बसीन. पण साहेब का म्हणतील म्हणून गप बसणार नाई आता."

"क्वार्टर खाली करा लागते, माहीत आहे ना? आईले कुठं ठेवान?"

"जामुलले दोन खोल्या पाहिल्या. आत्याबाई माझ्यासंगंच राहतील."

"तिले विचारलं?"

रत्नमालेनं भाजीची पुढची जुडी ओढली. विचारलं नव्हतं. खोल्या पाहून आली, राजीनामा देऊन आली, पण घरात दोनदा तोंड उघडून दोनदा मिटलं होतं. लेक शीलाला, शेजाऱ्यांना, प्लांटमधल्या साहेबांना द्यायची उत्तरं तिच्यापाशी तयार होती. सासूला द्यायचं उत्तर नव्हतं.

नरहरीचा आवाज चढला. "मी बेकार होतो तेव्हा. सारे म्हणत, तुह्या भावाची जागा आहे, तूच घे. मी म्हटलं, नाई, वहिनीले द्या. सहा महिने कागद घेऊन फिरलो ऑफिसाऑफिसात. कावून फिरलो? तुमी अशी फेकून द्याव म्हणून?" तो दोन पावलं पुढं आला. "हे नोकरी तुमची नाई, वहिनी. माझ्या दादाची आहे."

रत्नमालेच्या हातातली भाजी तिथंच राहिली. इतक्या वर्षांत घरातलं कोणी हे तोंडावर बोललं नव्हतं.

"बरोबर आहे तुमचं, भाऊजी," ती सावकाश म्हणाली. "म्हणूनच सोडली."

नरहरी खाटेकडे वळला. "आई, आता तूच सांग हिले. तुह्या पोराची नोकरी आहे."

मैनाबाईनं मांडीवरची सालपटं झटकली. लेकाकडे पाहिलं, मग सुनेकडे. रत्नमाला उठून उभी राहिली. म्हातारी नको म्हणाली तरी मागं फिरायचं नाही, एवढं तिनं मनाशी ठरवलं.

"नरहरी," मैनाबाईनं विचारलं, "प्लांटवाले माणसाले कितव्या वर्षी घरी पाठवतेत?"

"अठ्ठावन्नले रिटायर करतेत. पण त्याचं का इथं?"

"ओम तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जन्मला. यंदाच्या पोळ्याले त्याले अठ्ठावन्न पुरे झाले." म्हातारी सुनेकडे वळली. "त्याची नोकरी तू पुरी केली, बाई. आता तुझी कर."