ओट्याचं माप

भवानीनगरच्या घराचं काम काढलं होतं. बारामतीहून ग्रॅनाइट येण्याआधी मिस्त्रीनं विचारलं, "नवा ओटा कुणाच्या मापानं करायचा?" जुना ओटा रशीदाच्या उंच सासूच्या मापाचा होता. बुटकी रशीदा तीस वर्षं पाटावर उभी राहून भाकरी थापत आली होती. तो पाट कालच अंगणातल्या भंगारात टाकला होता. "माझ्या," ती म्हणणार, तेवढ्यात सून दिसली. साजिया तिच्याहून वीतभर उंच. तिला जन्मभर वाकावं लागलं असतं. "हिच्या मापानं करा. राबायचं हिलाच हाय," रशीदा म्हणाली. साजिया पायघोळ गाऊनमध्ये भिंतीला टेकली. मिस्त्रीनं तिच्या कमरेशी पेन्सिलीनं रेघ मारली. रशीदा भंगारातला पाट घेऊन आली, रेघेसमोर त्यावर उभी राहिली. रेघ कमरेच्या बरीच खाली राहिली. पाटावरून उतरली, तेव्हा रेघ बरोबर तिच्याच कमरेला आली. साजिया गाऊनवरून इतका वेळ वाकवून धरलेले गुडघे चोळत होती. "पाट भंगारातच ऱ्हाऊ द्या, अम्मी."