माप राहिलेला ब्लाउज

“पाय हालवू नको गो. आख्खं बाक हालतंय,” शेवंताबाई म्हणाली.

जागृतीने पाय आवरला. समोर सोनोग्राफीचं दार बंद होतं.

शेवंताबाईने झोपलेली नात डाव्या खांद्यावरून उजव्यावर घेतली. घणसोली गावातून रिक्षात बसल्यापासून ती सुनेला धीर देत होती. खरं तर डॉक्टरचं नाव काढलं की तिचं डोकं फिरायचं. ताप आला तरी काढ्यावर भागवायची. पण सून म्हणाली, “आई, माझ्या छातीत गाठ आहे,” आणि शेवंताबाईच आधी चपला घालून दारात उभी राहिली.

“परवा माज्या पुतन्याची, प्रितेशची हलद. आख्ख्या भावकीचे ब्लाउज शिवलेस, माजाच राह्यला. छातीचं माप घेता घेता टेप टाकून उठलीस ती उठलीसच.”

“शिवते हो आई.”

“राहू दे. जुना घालीन. तू बरी हो आदी.”

जागृतीला आत बोलावलं. दहा मिनिटांनी ती ओढणी चुरगाळत बाहेर आली.

“आई, तुमीपण करून घ्या ना. मला एकटीला भीती वाटते.”

“मला कशाला? धरधाकट हाय मी.”

जागृतीला रडूच फुटलं.

“ए, रडू नको! लोकं बघतान. जाते. तुज्यासाठी जाते, कललं?” नातीला तिच्याकडे देऊन शेवंताबाई पदर सावरत आत गेली.

थोड्या वेळाने दोघी डॉक्टरांसमोर बसल्या. जागृतीचा पाय पुन्हा हलू लागला. सासूने त्यावर हात ठेवला.

“गाठ साधी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “आत नुसतं पाणी आहे. कॅन्सर नाही. कापायचीही गरज नाही. फारच दुखली तर सुईने पाणी काढता येतं. मोठी झाली, कडक लागली तर लगेच या. नाहीतर सहा महिन्यांनी दाखवा.”

“आई एकवीरे!” शेवंताबाईने हात जोडले. मग सुनेच्या गालावरून हात फिरवला. “आयकलंस? उगाच आठ दिस धर जेवली नाईस. मॅडम, सहा महिन्यांनी मीच घेऊन येन हिला.”

डॉक्टरांनी रिपोर्ट सासूपुढे सरकवला.

“जागृतीला काहीच झालेलं नाही, शेवंताबाई. यायचंय ते तुम्हाला.”