ओदीलने हेरलेली जागा

लुईझियानाच्या खाजणात मासेमारीच्या स्पर्धेआधी ओदील चार दिवस गळ न टाकता रेडफिश माशांच्या जागा हेरत फिरली. तिचा प्रतिस्पर्धी ट्रेंट दुरून दुर्बिणीतून तिच्यावर नजर ठेवून होता. गेल्या वर्षीचा चषक त्याने असाच पटकावला होता. स्पर्धेच्या सकाळी नवीकोरी जड बोट दामटत तो आधी पोहोचला आणि तिने हेरलेल्या उथळ तळ्यात ठाण मांडून बसला. "उशीर केलात, मावशी!" तो खिदळला. "बस. चोरालाही टेकायला जागा लागते," ओदील म्हणाली. उत्तरेचा वारा सुटला, ओहोटी लागली. ती तळ्याच्या तोंडाशी थांबली. पाणी उतरलं तसे मासे बाहेर निघाले. त्यातले दोन भरदार तिने तिथेच धरले. आत ट्रेंटची बोट चिखलात रुतली. "दोर टाका ना, तीन वाजता मासे तोलायचेत!" तो ओरडला. ओदीलने पिण्याच्या पाण्याची बाटली त्याच्याकडे भिरकावली. "घे. बाकीचं पाणी संध्याकाळी येईल."