नदीकाठची तीन फाटकं

डॉक्टरनं पायानंच फाटक ढकललं, सायकल आत घातली आणि मागे न बघता पुढे निघून गेला.

चष्मेवाले उतरले. त्यांनी फाटक ओढून घेतलं, तारेचं कडं खुंटावर चढवलं, एकदा हलवून पाहिलं आणि पुन्हा टांग मारली. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात गेलेला. उघडी डबी दिसली की हात आपोआप झाकणाकडे जायचा. फाटकं उघडी टाकणारी माणसं त्यांना आवडत नसत. पण आज मतं मांडायचा दिवस नव्हता. आज लग्न ठरायचं होतं, किंवा मोडायचं.

खरं तर अशी बोलणी सोफ्यावर होतात. पण ती म्हणाली होती, "सोफ्यावर सगळेच सज्जन असतात. तुम्ही दोघं नदीकाठानं सायकलवर एक चक्कर मारून या." डॉक्टर नाही म्हणाला तर विषय संपला, हेही तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. मग दोघांना धाडून ती घरी फोनपाशी बसली.

डॉक्टरची माउंटन बाइक स्वतःची होती, जाड टायरची आणि मोजता येणार नाहीत इतक्या गिअरची. चष्मेवाल्यांनी तसलीच एक शेजाऱ्याकडून मागून आणली होती. गिअर दोनच वापरायचे, असं त्यांनी ठरवलं होतं. बूट मात्र नवे घेतले होते आणि सकाळी दाढी दोनदा केली होती.

वाट सोपी होती. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला गाईंची कुरणं. चढ म्हणावा तर दिसत नाही आणि सपाट म्हणावं तर धाप लागते, असा एकूण प्रकार.

डॉक्टर दातांचा होता. समोरच्याचं तोंड रिकामं असलं की या मंडळींना प्रश्न सुचत नाहीत. चष्मेवाल्यांनी वाटेत थांबून केळं सोललं आणि पहिला घास घेतला, तसा तो शेजारी येऊन उभा राहिला.

"काका, बीपी वगैरे?"

"अं... गोळी आहे. वेळेवर घेतो."

"झोपेत दात खाता? घोरता?"

"दात खात नाही. घोरण्याचं घोरणाऱ्याला काय कळणार? तक्रार अजून आलेली नाही."

"राग?"

"येतो. चष्म्याची काच पुसून होईस्तोवर जातो."

"स्वयंपाक?"

"कामापुरता. ज्यांनी खाल्लाय ते हयात आहेत."

डॉक्टर हसला नाही. चष्मेवाल्यांनी उरलेलं केळं मुकाट्यानं संपवलं. विचारायचं त्यांनाही पुष्कळ होतं, पण त्यांची बाजू पडती होती. पडत्या बाजूनं उलट प्रश्न करायचे नसतात.

दुसऱ्या फाटकाशी चिखल होता. डॉक्टर कडेकडेनं पलीकडे गेला आणि म्हणाला, "राहू द्या हो काका. मागून कोणीतरी येईल, ते लावेल."

"मागून गाय येईल," चष्मेवाले म्हणाले आणि लगेच त्यांनी जीभ चावली. आवाज जरा चढला होता की काय. कडं चढवताना नवा बूट घोट्यापर्यंत रुतला. चला, त्यांनी मनाशी म्हटलं, एका गाईपायी जुळत आलेलं मोडणार.

बराच वेळ डॉक्टर पुढे आणि हे मागे, असे चालले होते. नदी जिथे रुंद होते तिथे दोघं पाणी प्यायला थांबले.

"तिला नदी फार आवडते," डॉक्टर म्हणाला.

"नदी नाही, काठ. पाण्याची भीती वाटते. म्हणून चालायचं ते नेहमी आतल्या अंगानं."

बाटलीचं झाकण फिरवता फिरवता डॉक्टर थांबला. "हे मला ठाऊक नव्हतं."

"कळतं हळूहळू," चष्मेवाले म्हणाले. ते पाण्याकडे बघत राहिले. त्यांचं मागणं फार मोठं नव्हतं. तिनं या काठानं एकटीनं चालू नये, एवढंच.

तिसरं फाटक उंचवट्यावर होतं. या खेपेला चष्मेवाले पुढे होते. त्यांनी ते उघडलं, आणि पलीकडे गवतातून थेट पाण्यापर्यंत गेलेला लांबलचक उतार दिसला. त्यांनी ब्रेक सोडून दिले. कानात वारा भरला. वय, गोळ्या, पडती बाजू, सगळं मागे पडलं. कित्येक वर्षांत त्यांनी इतकी निष्काळजी गोष्ट केली नव्हती.

खाली पोचल्यावर आठवलं.

त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर फाटकातून आत येऊन एक पाय जमिनीला टेकवून उभा होता. फाटक त्याच्यापासून हातभर अंतरावर होतं. उघडं. तो ते लावत नव्हता, नुसता उभा होता.

चष्मेवाले उतरले आणि सायकल ढकलत चढ चढू लागले. अर्ध्यावर गुडघे बोलू लागले. त्यांनी ऐकून घेतलं नाही.

"मी होतो ना मागे," ते वर आल्यावर डॉक्टर म्हणाला. "खालून हाक मारायची. लावलं असतं मी."

"उघडलं मी होतं," चष्मेवाले धापा टाकत म्हणाले. त्यांनी कडं चढवलं, हलवून पाहिलं. "आणि आजच्या दिवशी तुमच्यावर ओरडू होय?"

डॉक्टर पहिल्यांदाच हसला. मग चार पावलं बाजूला जाऊन त्यानं फोन लावला. चष्मेवाले खाली बसून चाकातला चिखल काडीनं काढू लागले. चिखल फारसा नव्हता. पण कान एकीकडे असले की हातांना दुसरीकडे काम लागतं.

"हो, मीच," डॉक्टर म्हणाला. "तिन्ही लावली. तिसरं विसरले होते, पण चढ चढून परत आले... नाही, चिडले नाहीत. मी मुद्दाम उघडं टाकून बघितलं तरी नाहीत."

डॉक्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ऐक. बाबांच्या मागून फाटकं लावत आलीस, तेवढी पुरे झाली. करून टाक लग्न, आई."