भारी पेट्रोल

"साधंच भर," महागू म्हणाला.

पंपावरच्या प्रेमलालनं हात थांबवला. "बाईच्या गाडीत? आज गुरुवार हाये न? गोंदियाले नाही गेला?"

"भर म्हणलं न!"

दोनच माणसं बसतील अशी ती लाल, बुटकी स्पोर्ट्स कार अख्ख्या बालाघाटात एकच. खाणीवरचा गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती मँगनीजच्या एका ठेकेदाराला विकून गेला होता. ठेकेदार तिरोडीच्या खाणींकडे जीपनंच फिरत, म्हणून गाडी त्यांच्या पत्नीची, कमलाबाईंची झाली आणि महागू तिचा ड्रायव्हर.

दोन वर्षांपूर्वी बाईंनी फर्मान काढलं. या इंजिनाला साधं पेट्रोल चालत नाही, भारीच लागतं. ते मिळायचं गोंदियाला. दर गुरुवारी सकाळी निघायचं, टाकी भरून आणायची. गाडी हळू हाकायची, ही वर ताकीद. परत येईस्तोवर दुपारचे तीन वाजत.

"जाता-येताच अर्धी टाकी संपते, बाईसायेब," महागूनं कितीदा सांगून पाहिलं.

"इंजिन महत्त्वाचं," एवढंच बाई म्हणत.

बसस्टँडवरचे लोक हसत. "काय महागू, मोटारीले तूप पाजून आणलं का?" त्याच्या अंगाचा तिळपापड होई. भरवेलीच्या खाणीवर त्यानं वर्षानुवर्षं ट्रक चालवले होते. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचं दुखणं ओळखायचा. पण त्याचं ऐकतं कोण?

बाईंची खुळं त्याला नवी नव्हती. आधी त्यांनी बंगल्यावर बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग काढला होता. महागूनं चार माणसांत ठणकावून सांगितलं, "माही बायको येणार नाही. भाकर काय पाटीवर थापाची हाये?" मग बाकीच्या नवऱ्यांनीही बायका अडवल्या. ते खूळ आठ दिवसांत गेलं, तर हे पेट्रोलचं आलं.

आज सकाळी तो घरीही धुसफुसला होता. "वीस वर्षं गाड्या चालवून राह्यलो, अन् बाई मले इंजिन शिकवते!"

"मले काय समजते त्यातलं?" त्याची बायको शेवंता डबा बांधत म्हणाली. ती बंगल्यावरच स्वयंपाकाला होती. "जा तुम्ही. उशीर नका करू."

पण आज त्यानं ठरवलंच होतं. साधं पेट्रोल भरून त्यानं मिस्त्री नथ्थूला शेजारी बसवलं आणि गाडी भरवेलीच्या चढावर घातली.

"ऐक. साध्या पेट्रोलवर ठकठक करते का इंजिन?"

नथ्थूनं कान लावला. "बिलकुल नाही. हे इंजिन साध्यावरचंच हाये. भारी लागते म्हणून कोनं सांगितलं तुले?"

"बाईनं."

नथ्थू पोट धरून हसला. महागू हसला नाही. दोन वर्षांचे सगळे गुरुवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले.

"चाल बंगल्यावर," तो म्हणाला. "हेच बाईच्या तोंडावर सांग. आज फैसलाच करतो."

अकरा वाजले होते. समोरचं दार बंद होतं, म्हणून दोघं मागच्या अंगणाकडे वळले. पडवीच्या पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. आत पंधरा-वीस बायका मांडीवर पाट्या घेऊन ओळीनं बसल्या होत्या.

"रुख्मा?" नथ्थू पुटपुटला. दुसऱ्या ओळीत त्याची बायको होती.

महागूला आता सगळं समजलं. रागानं त्याचे कान तापले. एकेका ओळीवरून नजर फिरवत तो शेवंताला शोधू लागला. पहिल्या ओळीत ती नव्हती. दुसऱ्या, तिसऱ्या ओळीतही नव्हती. शेवटच्या ओळीमागं कमलाबाई तेवढ्या खुर्चीवर बसल्या होत्या.

महागूनं सुटकेचा निःश्वास टाकला. आपली बायको तरी आपल्या शब्दाबाहेर नव्हती.

तेवढ्यात फळ्यावर लिहीत असलेली पाठमोरी मास्तरीण वळली.

"आता सगळ्याजनी मोठ्यानं वाचा," शेवंता म्हणाली.