परीक्षेचा पेशंट

पेरूमधल्या अरेकिपाच्या दंत महाविद्यालयात परीक्षेचा पेशंट विद्यार्थ्यांनीच शोधून आणायचा असतो. यासमीनने आणलेली म्हातारी खुर्चीत निजली आणि परीक्षक डॉ. विल्फ्रेदोंनी, नेहमीसारखं चेहऱ्याकडे न बघताच, तिच्या तोंडात आरसा घातला. हाडात बसवलेल्या कृत्रिम दाताच्या इम्प्लांटभोवतीची हिरडी जांभळी पडून फुगली होती. खोली मोजायची खुणांची सळई हिरडीत आठ मिलिमीटर आत गेली. बोटाने दाबताच पिवळा पू ओघळला आणि असा कुजका भपकारा आला, की मागच्या मुलींनी मास्कवरून नाकं दाबली.

"एक्स-रे बघा, हाड निम्मं झिजलंय. इम्प्लांट काढावाच लागणार," म्हणत डॉक्टरांनी हिरडीखालून पुवाने माखलेला सिमेंटचा खडा उकरला. त्यांना शिसारी आली. "दात चिकटवला आणि उरलेलं सिमेंट आतच ठेवलं. हा डॉक्टर की गवंडी? असले गलिच्छ हात मी जन्मात पास केले नसते. कुणी बसवला हा, आजी?"

"दहा वर्षं झाली त्याला. आता कुठलं आठवतंय, डॉक्टर?" म्हातारीने चूळ भरली.

मुली हसत पुढच्या खुर्चीकडे गेल्या, तेव्हा तिने हळूच डॉक्टरांची बाही धरली.

"पोरींसमोर कसं सांगू, विली? परीक्षेला पेशंट मिळेना म्हणून माझ्या तामाले विकायच्या गाडीपाशी रडत बसला होतास. पास झालास ना रे तेव्हा?"