डब्यावरचं चित्र

आरतीने लाल डबा खुशालरावांच्या पांढऱ्याशुभ्र बुशशर्टासमोर धरला. "हा तुमचाच ना?"

"आपलाच, ताई." नुकत्याच शाळेतून आणलेल्या नातीचं दप्तर खांद्यावर सावरत ते हसले. शाळेसमोरच्या कुंदनच्या किराणा दुकानात, बिस्किटांच्या पुड्यांना लागून, त्यांच्या कारखान्याचे तसलेच डबे रचलेले होते. "अकोला, अमरावती, दर्यापूर, सगळीकडं जाते माल. काहून, काय झालं?"

"पोरगा दोन दिवस सलाइनवर होता माझा. चार वर्षांचा हाये. डॉक्टरनं डबा नुसता हुंगला अन् म्हणे, ही तपकीर हाये."

खुशालरावांनी डबा हातात घेतलाच नाही. लांबूनच बोट दाखवलं. "वाचा ना. दंतमंजन. लवंग, कापूर, गेरू अन् इतर वनस्पती."

"इतर म्हणजे कोणती?"

"वनस्पती, ताई. जमिनीतून उगवते ते."

कुंदन खिदळला. गिऱ्हाइकापेक्षा माल देणाऱ्याच्या विनोदाला हसणं त्याला परवडत होतं.

"मागच्या साली याच डब्यावर सडलेल्या तोंडाचं चित्र होतं," आरती म्हणाली. "सासूबाईंले वाचता येत नाई. त्या कधीच्या हे दाताले लावतात. पण ते चित्र पाहून पोराले डब्याले हात लावू देत नव्हत्या. आता चित्र गेलं. त्यांले वाटलं, आता साधं मंजन झालं. आपल्या बोटानं घासले त्याचे दात."

"मंग समजावाचं ना म्हातारीले." त्यांचा आवाज फारच समजूतदार झाला. "तुमी तं शिकलेल्या दिसता. तपकीर म्हनलं का टॅक्स किती बसते, मालूम हाये? मंजनाले त्याच्या चौथाई बी नाई. तपकीर म्हनलं का हा कुंदन शाळेसमोर ठेवू शकत नाई. मंजन कुठंबी चालते. आमी चोरून नाई करून राहिलो काही. पक्कं बिल देतो."

"आतला माल बदलला का?"

"नाव बदललं ना."

आरतीने झाकण उघडलं. लवंगेचा गोडसर वास सुटला. नात टाचा उंचावून पुढे आली.

"आबा, गोळीसारखा वास येते!" तिने बोट आत घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत लाल झालेलं बोट तोंडाकडे निघालं.

आरतीचा हात झपकन पुढे गेला. पण खुशालरावांनी त्याआधीच पोरीचं मनगट धरलं होतं. दप्तर खाली पडलं.

"थुंक! थुंक आधी! तोंडात गेलं का? सांग ना, गेलं का?"

"नाई गेलं, आबा."

तरी त्यांनी कुंदनच्या फ्रीजमधून पाण्याची बाटली ओढली आणि दुकानाच्या पायरीवर बसून पोरीचं बोट धुवायला घेतलं. पाणी स्वच्छ वाहू लागलं, तरी थांबेनात. शाळेतून बाहेर पडणाऱ्या दोनचार आया उभ्या राहून पाहू लागल्या.

"घासू द्या ना, काकाजी," आरती म्हणाली. "मंजनच हाये."

खुशालरावांनी रिकामी बाटली बाजूला ठेवून हात मागे केला.

"कुंदन, आनखी एक बाटली दे."